समासातली नोंद

शिकाऊ होते तेव्हा पहिलं शिकवलं ते हे:
पापणी हलली तरी पडद्यावर डोंगर उठतो,
त्याला भुलायचं नाही.
समासात लिहायचं, पापणी.
खोकला आला, लिहायचं खोकला.
दात चावले, दात.
मिरजेत वीस वर्षं मी हेच केलं.
फितीनं डोकी मोजली, पेन्सिलीनं खुणा केल्या,
एकवीस तारा चिकटवल्या
आणि मेंदूचं काय, बाकी अंगाचं काय
ते वेगळं ठेवलं.

डोळे मिटा म्हटलं की मागच्या बाजूला लाटा उंच होतात,
संथ, एकसारख्या.
उघडा म्हटलं की मोडतात.
काय पाहिलं ते मात्र कागदावर कधीच येत नाही.
"डोक्यात काय चाललंय ते दिसतंय का ओ ह्यात?"
नातेवाईक विचारतात.
चाललंय, एवढं दिसतं.

त्या शुक्रवारी लक्ष्मी मार्केटच्या मागे
औषधाच्या दुकानदाराला भोसकलं.
मी समोर होते, हातात मेथीची जुडी.
तो वळला, माझ्याकडे बघितलं, पळाला.
तीन सेकंद.
आमच्या एका पानावर दहा मावतात.

पंधरा दिवसांनी सांगलीच्या तुरुंगात
नायब तहसीलदारांनी सात जण उभे केले.
चौथ्यापाशी माझ्या पोटात खड्डा पडला.
हाच चेहरा!
मी खांद्याला हात लावला.
खांदा थरथरला नाही,
उलट त्याच्या तोंडावर काहीतरी उजळलं,
जणू मी त्याला सोडवायला आले होते.
मला तो निर्ढावलेपणा वाटला.
तसं मी कोर्टात सांगितलंही.

"दिव्याच्या उजेडात, खालून,
नाक, हनुवटी, सगळं स्पष्ट."
वकील म्हणाला, "दिवा खांबावर, मग उजेड खालून कसा?"
मी चिडले. लोक हसले, त्यालाच.
पिंजऱ्यातून एकदा आवाज आला,
"ताई, ते पोरगं..."
गप्प बसा, म्हणाले त्याला.
"खात्री आहे?"
"शंभर टक्के."
समासात कुणीच काही लिहिलं नाही.

परवा जुनी रजिस्टरं रद्दीला काढली,
सात वर्षांपूर्वीची, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
माझंच अक्षर:
मंगळवार. सुयोग अण्णासो ऐवळे, वय सहा, झटके.
सहा चाळीसला वीज गेली, तपासणी अर्धवट.
वडिलांनी बॅटरी धरली, तारा काढल्या.

अण्णासो ऐवळे.
खुर्ची होती म्हणून बसले.

पोराच्या केसांतला लेप मी कोमट पाण्यानं पुसत होते
आणि तो वाकलेला, बॅटरी छातीशी,
"दुखत न्हाई न्हवं रं?"
उजेड खालून.
नाक, हनुवटी.
तीन सेकंद नव्हे, चांगला पाव तास.

चेहरा खरा होता. ओळख खरी होती.
वार तेवढा चुकला.

काल ड्यूटी संपल्यावर माझ्याच डोक्याला तारा लावल्या,
आरशात बघून, वाकड्यातिकड्या.
शुक्रवार आठवला. मंगळवार आठवला.
लाटांना दोन्ही सारखेच.
मग खऱ्या माणसाला शोधलं, मार्केटच्या मागे,
डोळे घट्ट मिटून.
मेथी दिसली. मुळांची माती दिसली.
चेहऱ्याच्या जागी अजून ऐवळेच उभा,
जात नाही.

आज पानाची झेरॉक्स काढली,
विजयनगरला कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यापुढे बसले.
त्यानं कागद सरळ केला.
"नाव?"
"पद्मजा आप्पासो मगदूम."
"हां, सांगा मॅडम, जसं आठवतंय तसं."
म्हटलं, नको.
वाचून दाखवते.